काडी घेऊन कॅमेरा बघायला

द्राक्षाच्या छाटणीवर माझा नवरा कितीही वेळ बोलू शकायचा. पण त्याच्या व्हिडिओंमध्ये छाटणी होताना कधी दिसत नाही. कारण साधं आहे. उजव्या हातात मोबाइल आणि डाव्या हाताचं बोट काडीवर, असा त्याचा थाट. ‘म्हणजे बघा मंडळी, खालून मोजायचं,’ असं म्हणत तो काडीवरचे डोळे मोजायचा. डोळा म्हणजे काडीवरचा तो लहानसा फुगवटा, ज्यातून पुढे फूट येते आणि नशीब असेल तर घड. मोजून झालं की काडी धरायला एक आणि कात्री चालवायला एक, असे दोन्ही हात लागायचे. मग रेकॉर्डिंग बंद न करताच तो मोबाइल शर्टाच्या खिशात टाकायचा. पडदा काळा. त्या काळोखात त्याचा श्वास, कापडाची खसखस, आणि मग ‘कट्’ असा कात्रीचा आवाज. मोबाइल पुन्हा बाहेर आला की कापलेली काडी दिसायची आणि तो म्हणायचा, ‘हे असं.’

ओझरच्या विमानाच्या कारखान्यात त्यानं नोकरी केली. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी आमच्या नाशिक रोडच्या घरून निघून तो ओझरच्या पलीकडच्या बागेत जायला लागला. बाग त्याची आणि धाकट्या भावाची. माझे दीर, म्हणजे भावजी, तिथेच राहतात. आसपासच्या बागाईतदारांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, त्यावर तो हे व्हिडिओ टाकायचा. जुन्या माणसांना तो ‘कट्’ पुरेसा होता. नुकतीच बाग हातात आलेली तरुण मंडळी मात्र विचारायची, ‘काका, नेमकी कुठं मारली कात्री?’ मग तो तोच व्हिडिओ पुन्हा करायचा. पुन्हा खिसा.

गेल्या थंडीत तो गेला. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

श्रावणात त्या ग्रुपमधल्या एका नव्या बागाईतदाराचा फोन आला. आधी त्यानं माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग पावसाची, मग मुद्द्यावर आला. ‘काकू, काकांचे छाटणीचे व्हिडिओ एकत्र करून मिळतील का? माझा मोबाइल बदलला, सगळं गेलं.’ जरा थांबून म्हणाला, ‘आणि ते अंधारातलं काही करता आलं तर बघा.’

मी हो म्हणाले. घटस्थापनेनंतर छाटणी सुरू होते, त्याआधी एक सलग फिल्म करून द्यायची असं ठरलं. ठरलं म्हणजे मीच ठरवलं. मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलेलं. व्हिडिओ कसा जोडतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि जो संगणक ठाऊक होता तो पुस्तकांच्या नोंदींपुरता. मुलगी बंगळूरला असते. ती म्हणाली, ‘आई, कॉलेज रोडला कितीतरी लोक एडिटिंग करून देतात. दे की त्यांना.’

मला ते नको होतं. त्याच्या बोलण्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं हे कुणा तिसऱ्यानं ठरवावं, आणि तेही दुपारच्या जेवणाआधी आटपायचं काम म्हणून, हे मला सहन झालं नसतं. तिला मी एवढंच म्हणाले, ‘मला शिकायचंय.’

‘बरं. मग कॉम्प्युटर आणि कॅमेरा दोन्ही मिळून चाळीस हजार. त्याच्या वर गेलीस तर सरळ पिक्चरच काढ.’

मी माझ्या सवयीप्रमाणे आधी वाचायला बसले. संगणक आणि कॅमेरे यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांची एक गंमत माझ्या लक्षात आली. त्या सगळ्यांना वाटतं, वाचणारा माणूस पुढच्या महिन्यात प्रसिद्ध होणार आहे. नवशिक्यांसाठी म्हणून जे सुचवतात ते घ्यायला बागेचा एक तुकडा विकावा लागेल. शिवाय प्रत्येक जण शेवटी म्हणतो, ‘तुमची गरज ओळखा.’ हे त्यांनी सुरुवातीला सांगितलं असतं तर माझे पंधरा दिवस वाचले असते. गरज ओळखायला मला वेळ लागला नाही. आवाज आहे. चित्रही बरंचसं आहे. नाही तो फक्त खिशातला अंधार, आणि तिथे कात्री चालवणारा हात दाखवायचा आहे. म्हणजे काडीवरचे डोळे मोजता येतील इतकं जवळून आणि स्पष्ट दिसेल असा कॅमेरा, आणि ते सगळं जोडताना धापा टाकणार नाही असा संगणक. बस.

एवढं झाल्यावर अडचण आली ती वेगळ्याच दिशेनं.

माझी जाऊ नियमांना पक्की आहे. वर्ष फिरेपर्यंत घरात सण नाही, आणि नवीन वस्तू नाही. त्यात आता पितृपक्ष लागलेला. भरणी श्राद्धाच्या स्वयंपाकाला मी बागेतल्या घरी गेले होते, तेव्हा भाजी चिरता चिरता मी खरेदीचा विषय काढला.

‘कॅम्प्युटर?’ ती म्हणाली. ‘पितरांत?’

‘पितरांतच हवाय. नंतर वेळ नाही.’

‘ताई, लोक पितरांत चप्पल घेत नाय. तुम्ही शिकलेल्या, तुमाला काय सांगायचं.’

शेवटचं वाक्य ती हरायला आली की टाकते. ती भोपळ्याच्या फोडी करत राहिली. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, ‘नवाच लागतो का?’

‘म्हणजे?’

‘जुना मिळत नाय का? कुणाचा वापरलेला? त्याला कोण नवीन म्हणंल? आपल्याकडं पाव्हण्यांची सायकल यायची तशी.’

एवढे दिवस वाचून मी ज्या निष्कर्षाजवळ घुटमळत होते, तिथे ती धर्मशास्त्राच्या वाटेनं येऊन उभी होती. चाळीस हजारांत नवीन घेतलं तर दोन्ही गोष्टी अर्धवट आल्या असत्या. वापरलेलं घेतलं तर दोन्ही बऱ्या.

‘पण सगळं जुनंच पायजे हां,’ ती म्हणाली. ‘एक जुनं, एक नवं, असं नाय.’

पितृपक्षात नाशिकमध्ये दोन शहरं असतात. गोदाघाटाकडे आणि त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते, आणि बाजारपेठेत दुकानदार माश्या मारत बसलेले असतात. शालिमारजवळच्या एका गल्लीत वापरलेले संगणक मिळतात असं कळलं होतं. दुकानाबाहेर ऑफिसांमधून आलेले काळे डबे एकावर एक रचलेले, आणि आत मालक पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसलेला.

‘या मॅडम. गेमिंग?’

‘नाही.’

‘मुलगा खेळतो?’

‘कुणीच खेळत नाही. व्हिडिओ जोडायचेत.’

त्यानं कोडं बाजूला ठेवलं. मी विचारलं, प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे, मेमरी सोळा जीबीपर्यंत वाढवता येईल का, मोबाइलचे नवे व्हिडिओ हे यंत्र अडखळत चालवेल का. तो म्हणाला, अडखळणार नाही, लोण्यासारखं चालेल. हे खोटं होतं हे मला नंतर कळलं, पण त्याचा आवाज छान होता. आठव्या पिढीचा एक डबा, सोळाची मेमरी आणि एका बँकेतून आलेला मॉनिटर असं ठरलं. मॉनिटरच्या कडेला कुणीतरी लावलेल्या हळदीकुंकवाच्या बोटाचा ठसा अजून होता. दसऱ्याला कुणा बाईनं पूजा केली असणार.

‘आणि पितरांत आलात म्हणून तुम्हाला नवीन कीबोर्ड-माउस फ्री,’ तो म्हणाला.

‘नवीन नको. वापरलेला द्या.’

‘मॅडम, फ्री देतोय.’

‘हो, पण वापरलेला द्या.’

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग आतून एक कीबोर्ड आणला. त्यावर ‘अ’चं बटण पार पुसलेलं होतं. मी समाधानानं मान डोलावली. इथवर सगळं नियमात बसत होतं. पण साठवणीच्या तबकडीपाशी गाडी अडली. तो म्हणाला, ‘बाकी काहीही जुनं न्या, एसएसडी जुनी नेऊ नका. यंत्र बंद पडलं तर दुसरं मिळतं. त्यातलं गेलं तर मिळत नाही.’

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि माझ्या बाबतीत तर जरा जास्तच खरं होतं. मी बाहेर येऊन जावेला फोन लावला. एसएसडी म्हणजे काय ते सांगितलं. व्हिडिओ ज्यात राहतात ती पेटी.

‘बाहेरून दिसती का?’ तिनं विचारलं.

‘नाही. डब्याच्या आत असते. स्क्रूनं बंद.’

‘मग चालती,’ ती म्हणाली. ‘दिसत नाय ते नवीन नाय.’

कॅमेरा बघायला जाताना मी पिशवीत द्राक्षाची काडी घेतली. छाटणीच्या आधी बागेतल्या काही काड्या कापून प्रयोगशाळेत तपासणीला देतात. डोळा चिरून भिंगाखाली बघतात आणि यंदा कितव्या डोळ्यात घड आहे ते सांगतात. भावजी त्या कामासाठी काड्या काढत होते, त्यातलीच एक मागून घेतली. पुस्तकाची छपाई बघायची तर पान उघडावं लागतं. कॅमेऱ्याबद्दल आणखी वाचण्यात आता अर्थ नव्हता.

कॅमेरा विकणारा माणूस लग्नांचे व्हिडिओ करायचा. आमच्याच भागात, रेल्वे स्टेशनपासून जवळ त्याचं छोटं ऑफिस होतं. चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणून तोही मोकळा होता. त्यानं मोठा कॅमेरा घेतला होता आणि जुना लहान काढून टाकायचा होता. मी काडी टेबलावर ठेवली.

‘हे काय?’

‘द्राक्षाची काडी. यावरचे डोळे मोजता आले पाहिजेत.’

‘म्हणजे मॅक्रो शॉट,’ तो उत्साहानं म्हणाला. त्यानं एक जाड भिंग लावलं, काडी खिडकीत धरली आणि फोटो काढून दाखवला. एक डोळा असा काही टवटवीत आला होता की त्याला दृष्ट लागावी. आणि त्याच्या मागे-पुढे सगळं धुकं.

‘काय ब्लर आलाय बघा.’

‘छान आहे. पण बाकीचे डोळे कुठे गेले?’

‘बाकीच्यांकडे कोण बघतंय? लग्नात नवरीचा एक डोळा शार्प आला तरी फॅमिली खूश असते.’

‘आमच्यात मोजतात,’ मी म्हणाले.

तो हसला. जाड भिंग काढून त्यानं कॅमेऱ्याबरोबर येणारं साधं भिंग लावलं, उजेड आत सोडणारी झडप बारीक केली, काडी उन्हात आणली. आता चित्रात काही काव्य उरलं नव्हतं. मागचा फॅन दिसत होता, त्याच्या टेबलावरचा डबा दिसत होता, आणि काडी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ दिसत होती. एक, दोन, तीन. सगळे मोजता आले. त्या साध्या भिंगासकट मी कॅमेरा घेतला. तिपाई त्यानं तशीच दिली. तिचा एक पाय जरा लुळा होता, तो कायम भिंतीकडे ठेवायचा असं त्यानं बजावलं. बागेत भिंत नसते हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आता कापणं चित्रित करायचं होतं. भावजी म्हणाले, ‘वहिनी, पितरांत कात्री लावायची नसती बागंला. घट बसले की नारळ फोडून सुरुवात.’

‘मग फिल्म छाटणी झाल्यावर देऊ का लोकांना?’

ते डोकं खाजवायला लागले. जाऊ ओट्यावरून म्हणाली, ‘नारळ नका फोडू. नारळ नाय तर सुरुवात नाय. एक झाड कापा कोपऱ्यातलं. ती शूटिंग.’

भावजी पटकन तयार झाले आणि आत जाऊन लग्नातला शर्ट घालून आले.

‘हातच दिसणारेत तुमचे,’ जाऊ म्हणाली.

‘बाही दिसती ना.’

तिपाईचा लुळा पाय मी एका वेलीच्या खोडाला टेकवला. ऊन चांगलं होतं. भावजींना विचारलं, काही अडचण? म्हणाले, हात कुठं ठेवू? मी म्हणाले, नेहमी करता तसं करा, बोलू नका, आवाज तुमच्या दादांचा घालणार आहे. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. काडी धरायची, बोटानं वर सरकायचं, कात्री. पुन्हा काडी. मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर त्यांचा हात बघत होते. भावाभावांचे हात इतके सारखे असतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. अंगठा तसाच बाहेर वळलेला.

घरी आल्यावर जोडणी सुरू झाली. लोण्यासारखं काही चालेना. मोबाइलचा व्हिडिओ लावला की तो पुढे जायचा, थांबायचा, विचार करायचा आणि मग एकदम उडी मारायचा. पुन्हा वाचायला बसले. कळलं की मूळ व्हिडिओंच्या हलक्या नकला करायच्या, त्यांच्यावर काम करायचं, आणि शेवटी यंत्र त्यांच्या जागी मूळ व्हिडिओ बसवतं. याला प्रॉक्सी म्हणतात. आमच्या कॉलेजात प्रॉक्सीला बंदी होती. मी रात्रभर यंत्राला नकला करायला लावून झोपले आणि सकाळी सगळं सुतासारखं सरळ झालं.

जोडणीसाठी मी फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, त्यात आवाज स्वच्छ करायची सोय होती. बागेतला वारा काढून टाकता येत होता. काढला. तर नवरा पत्र्याच्या डब्यात बसून बोलतोय असं वाटायला लागलं. वारा परत घातला. त्याचं ‘म्हणजे बघा’ दर वाक्याला यायचं. पहिल्या दिवशी मी त्यातले बरेच काढले, आणि फिल्म घाईत असल्यासारखी पळायला लागली. तो कधीच घाईत नसायचा. अर्धे परत घातले. शिंका काढल्या. मधेच कुणाला तरी ‘चहा ठेव’ म्हणाला होता, तेही काढलं, कारण छाटणीशी त्याचा संबंध नव्हता. एवढं मी करू शकले याचं माझं मलाच बरं वाटलं. जन्मभर पुस्तकं लावली, कुठलं कुठे बसतं ते कळायला फारसं नवीन काही लागत नाही.

मग खिशातला अंधार आला. तिथे मी भावजींचा हात बसवला. त्याचा आवाज मोजत होता, ‘…चार, पाच, सहा. सहाच्या वर, इथं,’ आणि शर्टाची खसखस सुरू होताच चित्रात भावजींचं बोट काडीवर सरकायचं. कात्री मिटायची तेव्हाच नेमका त्याचा ‘कट्’ येईल असं मी थोडं पुढे-मागे करून जुळवलं. जुळलं. मी परत परत लावून पाहिलं. इतकं छान जुळलं होतं की उठून चहा केला.

चहा पिऊन पुन्हा पाहिलं तेव्हा काहीतरी खटकलं. चित्र थांबवलं आणि काडीवरचे डोळे मोजले. सात. पुन्हा मोजले. आवाज सहा म्हणत होता आणि कात्री सातच्या वर चालली होती. दुसरा तुकडा पाहिला, तिसरा पाहिला. भावजींनी त्या झाडाची जी जी काडी कापली ती सातच्या वर कापली होती. डोळे मोजता येतील असा कॅमेरा मी हट्टानं आणला होता, तो आपलं काम चोख करत होता.

मी फोन केला.

‘सातच,’ भावजी म्हणाले. ‘यंदा सातच.’

‘पण हा सहा म्हणतोय.’

‘दादा सहाच म्हणायचा, वहिनी. जल्मभर सहा.’ मग ते जरा हसले. ‘तुमाला नाय का माहीत? आमची त्याच्यावरून किती भांडणं. तो म्हणं, तू काडी लांब ठेवतो, घड वारेमाप येतो, फुगत नाय. मी म्हणं, तू आखूड मारतो, एखाद्या वर्षी हात हलवत बसशील. एक वर्षी तर निम्मी बाग त्याची सहावर अन् निम्मी माझी सातवर.’

‘मग कोण बरोबर निघालं?’

‘त्या वर्षी गारपीट झाली,’ ते म्हणाले.

यंदाचं मात्र वादात नव्हतं. मे महिन्यातच, काडीत घड धरायच्या दिवसांत, पाऊस झाला होता, आणि तपासणीच्या अहवालात घड सातव्या डोळ्यात आला होता. भावजी सावकाश म्हणाले, ‘ही फिल्म अशी ग्रुपवर गेली, अन् नव्या पोरांनी दादाचं ऐकून सहावर मारली, तर कात्रीबरोबर घडच जाईल त्यांचा. वर्षाचं पीक हाय ते. तुमी एक करा, ते सहा तेवढं काढून टाका.’

काढायला काहीच कठीण नव्हतं. पडद्यावर आवाजाची एक लांब रेघ दिसते, बोललेल्या ठिकाणी तिला उंचवटे येतात. ‘सहा’ आणि ‘सहाच्या वर’ हे दोन छोटे उंचवटे होते. ते काढले. आता तो पाचपर्यंत मोजायचा आणि एकदम गप्प व्हायचा, जणू त्याला पुढचे आकडे येत नाहीत. ते बरं दिसेना. मग मला सुचलं, आणि सुचलं याची गंमतही वाटली, की दुसऱ्या एका व्हिडिओत तो ओळी मोजत होता. तिथला ‘सात’ मी उचलला. ‘सहा’ परत जागेवर ठेवला आणि त्याच्यापुढे तो ‘सात’ बसवला. नंतरच्या ‘सहाच्या वर’मधला ‘सहाच्या’ काढला. लावून पाहिलं. ‘…पाच, सहा, सात. वर, इथं.’ कुठे सांधा कळेना. वारासुद्धा जुळला होता.

मी खुर्चीत मागे टेकून ऐकत राहिले. अगदी त्याचाच आवाज. ज्या आकड्याविरुद्ध तो सख्ख्या भावाशी भांडला, निम्मी बाग वेगळी करून बसला, तो आकडा आता मी त्याच्या तोंडी घातला होता आणि तो मुकाट्यानं म्हणत होता. जिवंतपणी हे त्यानं कुणाला करू दिलं नसतं. मला तर नाहीच. मी तो ‘सात’ काढला, जिथला तिथे ठेवला, आणि संगणक बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बागेत गेले. घटस्थापना दोन दिवसांवर आली होती. भावजींना म्हटलं, ‘सहा मी काढणार नाही. आणि चुकीचं लोकांना पाठवणारही नाही. तुम्ही त्याला उत्तर द्या.’

‘कुणाला?’

‘दादांना.’

मी कॅमेरा त्याच कोपऱ्यातल्या झाडापाशी लावला. कापायच्या दोन-तीन काड्या उरल्या होत्या. मोबाइल वेलीच्या तारेला अडकवून मूळ आवाज लावला. भाऊ गेल्यानंतर भावजींनी तो आवाज ऐकला नव्हता. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. ‘म्हणजे बघा मंडळी,’ एवढं आलं आणि त्यांनी काडी सोडून दिली. जाऊ पदराचं टोक हातात धरून उभी होती. आवाज मोजत गेला, सहापर्यंत आला, खिशात गेला, कापून झालं, ‘हे असं.’

भावजींनी बाहीनं तोंड पुसलं. ‘परत लावा,’ म्हणाले.

परत लावला. या वेळी त्यांनी काडी धरली. तो मोजत होता तसं त्यांचं बोट एकेका डोळ्यावरून वर सरकत गेलं. चार. पाच. सहा. ‘सहाच्या वर, इथं.’ बोट थांबलं. मी मोबाइलवरचा आवाज थांबवला.

‘दादा, यंदा सात,’ भावजी म्हणाले. ‘मे महिन्यात पाऊस झाला. तपासणी करून आणली. यंदा सातव्यात हाय घड.’ बोट एक डोळा वर सरकलं. ‘ज्यानं त्यानं आपापली काडी तपासून आणा अन् मग मारा. दादाचं ऐकू नका अन् माझं पण ऐकू नका.’

जाऊ हळूच म्हणाली, ‘हे बरं बोलले.’

ते तिचं वाक्यही रेकॉर्ड झालं होतं. मी ठेवलं.

घरी येऊन मी ते सगळं जोडलं. आता माझा नवरा सहापर्यंत मोजतो, आणि भावाचा हात त्याच्याबरोबर सहापर्यंत जातो. मग भाऊ बोलतो, बोट वर सरकतं. सातव्या डोळ्याच्या वर कात्री मिटते तिथे आवाज मी जुनाच ठेवला आहे, खिशातला. भावजींच्या कात्रीचा आवाजही चांगला आला होता, पण तो घेतला नाही. जागा त्यांची, ‘कट्’ त्याचा, आणि मग तोच म्हणतो, ‘हे असं.’

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी फिल्म ग्रुपवर टाकली. अंगठे आले, हात जोडलेले आले. एका जुन्या बागाईतदारानं लिहिलं, ‘हे दोघं अजून भांडताहेत.’ बऱ्याच जणांनी आपापले तपासणीचे अहवाल टाकले. कुणाचा सहा होता, कुणाचा आठ. ज्यानं मला पहिल्यांदा फोन केला होता त्याचा सात होता. त्यानं विचारलं, ‘काकू, छाटणीनंतर डोळे सारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावतात, त्याचा पण व्हिडिओ आहे का?’

मी सगळे व्हिडिओ पुन्हा चाळले. पेस्टबद्दल तो कुठेच काही बोलला नव्हता. त्याच्या वेळीही ते काम भावजींकडेच असायचं. मी त्यांना फोन लावला आणि विचारलं, बोलाल का?

‘बोलंन की,’ ते म्हणाले. ‘पण किती बोलू?’

‘बोलायचं तेवढं बोला,’ मी म्हणाले. ‘कापायचं मी बघते.’